काळ्या पायांची नोंद

३ डिसेंबर

ही वही पक्ष्यांसाठी नाही. पक्ष्यांच्या वह्या कपाटाच्या वरच्या खणात आहेत, एकूण तेवीस, पाठीवर साल लिहिलेल्या. ही घरात कोरी पडून होती म्हणून घेतली. छापखान्यात एकोणतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. मुद्रितशोधकाला स्वतःचं काही लिहायची सवय नसते. वरची पाच वाक्यंही आधी दोनदा तपासली, मग पुढे सरकलो.

आज मंडळाच्या नव्या चिटणीस घरी आल्या होत्या. शाळेत विज्ञान शिकवतात, वय तिशीच्या आसपास. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो आणि त्या आम्हा म्हाताऱ्यांना सरसकट काका म्हणतात. मार्चमध्ये आमच्या पक्षिमंडळाला पन्नास वर्षं होतात. त्यानिमित्त पन्नास वर्षांतल्या नोंदींचं पुस्तक निघणार आहे. मुद्रितं मी तपासायची हे ठरलेलंच होतं. आज बाईंनी वर आणखी सांगितलं, की मुखपृष्ठावर चमचचोच तुतवार घ्यायचा.

"तुमचा पक्षी, काका," म्हणाल्या.

चमचचोच तुतवार म्हणजे चिमणीएवढा पाहुणा. थंडीत फार लांबून येतो, खाडीच्या चिखलात चरतो, आणि त्याच्या चोचीच्या टोकाला चपटा चमचा असतो. जगात आता मोजकेच उरलेत म्हणतात. आमच्या खाडीवर तो एकदाच नोंदला गेला, चौतीस वर्षांपूर्वी, आणि ती नोंद माझी आहे. मंडळात माझी जी काही पत आहे ती त्या नोंदीवर उभी आहे. तिच्यामुळेच मोठी नोंदवही माझ्या हाती आली आणि मला सगळे वहीवाले म्हणू लागले.

ही चहा घेऊन आली तेव्हा मुखपृष्ठाचं बोलणं चाललं होतं. हिने बाईंना साखर किती घालू एवढंच विचारलं. हिला पक्ष्यांत कधीच रस नव्हता.

मी "छे, मुखपृष्ठावर कशाला" असं दोनदा म्हणालो. बाईंना तो विनय वाटला.

लिहूनच टाकतो. तो पक्षी मी पाहिलेला नाही.

५ डिसेंबर

दोन दिवस वही उघडली नाही. वरचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लागेल म्हणून.

झालं ते असं. रविवार होता. लेक दोन वर्षांची, रात्रीपासून तापाने फणफणलेली. ही म्हणाली, आज जाऊ नका. मी म्हणालो, तासाभरात येतो. खाडीवर पोचलो तर भरती. चिखलाचा एक तुकडा उघडा नव्हता. पलीकडच्या काठावर बारीक पक्ष्यांचा थवा होता, पण ऊन समोरून, त्यामुळे नुसते काळे ठिपके. पाणी उतरेल म्हणून बांधावरच बसून राहिलो. ते उतरलं नाही आणि मीही खाली उतरलो नाही. घरी आलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते आणि दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, पोरीला झटके आले, तुमची बायको तिला कडेवर घेऊन दवाखान्यात धावत गेली.

मी पायरीवर बसलो. दवाखान्यात का गेलो नाही ते आजही मला सांगता येत नाही. पिशवीत पक्ष्यांचं पुस्तक होतं. ते काढून चित्रं बघत बसलो. ही परत आली तेव्हा पोर खांद्यावर झोपली होती आणि हिचे केस सुटले होते. ही एक अक्षर बोलली नाही. ती शांतता मला सोसवेना म्हणून मी म्हणालो, "आज असा पक्षी पाहिला, जो इथे आजवर कोणी पाहिलेला नाही." बोट पानावरच होतं.

हिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "चला, निदान काहीतरी झालं."

त्या एका वाक्यावर मी सुटलो. दुसऱ्या दिवशी हिनेच शेजारणीला सांगितलं. शेजारणीचा नवरा मंडळातला. गुरुवारपर्यंत चौघंजण घरी आले, पाठीवर थापा मारून गेले. मग नोंद करणं भाग पडलं. पुस्तक शेजारी उघडं ठेवून केली.

भोळी आहे ही. मी जे सांगेन त्यावर विश्वास ठेवते. तेच जास्त लागतं.

९ डिसेंबर

बाईंचा फोन. विशेष नोंदी छापण्याआधी मूळ टिपणं बघायची असं समितीने ठरवलंय म्हणे. "नोंदवहीतलं लिखाण सुंदर आहे काका, पण खाडीवर बसून जे लिहिलं असेल ते मिळालं तर बरं." आवाजात साय होती. अर्थ एकच, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर.

आमच्या मंडळाचा पहिला नियम असा, की पक्षी समोर असतानाच पेन्सिलीने टिपून घ्यायचं आणि मगच पुस्तक उघडायचं. कारण एकदा चित्र पाहिलं की डोळा चित्रातलंच आठवतो. नव्या सभासदाला हा नियम कार्डावर छापून देतात. त्या कार्डाचा मजकूर माझा आहे.

फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "आणि हो, तुम्ही पाय पिवळे लिहिलेत. काळे असतात ना?"

मी म्हणालो, ऊन पडलं असेल.

११ डिसेंबर

वाचनालयात जाऊन तेच पुस्तक मागितलं. त्यांच्याकडे दुसरी आवृत्ती आहे. चित्र काढून बघितलं तर पाय काळे. सुरुवातीच्या पानांत शुद्धिपत्र चिकटवलेलं होतं, त्यात तिसरी ओळ अशी, की पहिल्या आवृत्तीत या चित्रात शेजारशेजारच्या दोन पक्ष्यांच्या पायांचे रंग चुकून एकमेकांना लागले आहेत.

माझ्याजवळची पहिली आवृत्ती.

म्हणजे मी पक्षी तर पाहिला नव्हताच, छापखान्याची चूक पाहिली होती आणि ती सहीनिशी नोंदवली होती. ज्या माणसाने उलटी लागलेली वेलांटी हातभरावरून पकडली, त्याने शुद्धिपत्राची चौकशीसुद्धा केली नाही. लोकांच्या डोळ्यातलं कुसळ काढण्याचा पगार घेत होतो आणि स्वतःचं मुसळ मुखपृष्ठावर चाललंय.

पुस्तक परत दिलं. ग्रंथपालाने पाणी हवंय का विचारलं.

१२ डिसेंबर

पोस्टमनबद्दल लिहायचं टाळतोय. आज लिहितो.

आमच्या मंडळात एक पोस्टमन होता. बहुतेकांकडे दुर्बिणी होत्या, त्याच्याकडे सायकल आणि रोजचा खाडीकाठचा रस्ता. शिकलेला बेताचा, पण नजर अशी, की उडत्या पक्ष्याचं वय सांगायचा. माझ्या त्या नोंदीनंतर दुसऱ्या हिवाळ्यात त्याने कळवलं की चमचचोच तुतवार पाहिला. पुस्तक त्याच्याकडे नव्हतंच. टिपण एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर होतं. त्यात लिहिलं होतं, पाय काळे. बाजूने पाहिलं तर चोच साधीच वाटते, तोंड आपल्याकडे केलं की मगच चमचा दिसतो. चालताना मान खाली घालून दोन्हीकडे झाडू मारल्यासारखा चरतो.

मी ती नोंद मासिक सभेत वाचून दाखवली. पाय काळे? माझ्या नोंदीत पिवळे आहेत. चमचा बाजूने दिसत नाही? माझ्या नोंदीत बाजूने दिसतो, चित्रात तसाच होता. मग मी म्हणालो, "पोस्टमन, हे पत्र चुकीच्या घरात पडलंय." सभा हसली. शेऱ्याच्या जागी मी लाल शाईने लिहिलं, नोंद अमान्य, पत्ता चुकलेला.

तो उभा होता. म्हणाला, "मी जे बघितलं ते लिहिलं, साहेब." त्यापूर्वी तो मला कधी साहेब म्हणत नसे.

पुढे मंडळात त्याला चुकीचा पत्ता असंच नाव पडलं. दोन सभांना आला, मग बंद झाला. मला तेव्हा बरं वाटलं होतं. तोही खोटंच सांगत असणार असं मी स्वतःला पटवलं होतं, चोराला सगळे चोरच दिसतात. आज तपासलं तर त्याचा शब्दन् शब्द बरोबर आहे. नव्या पुस्तकांत झाडूची उपमा नाही, पण वर्णन तेच आहे.

हा पक्षी आमच्या खाडीवर एकदाच कोणी पाहिला, आणि त्याला मी हसण्यावारी नेलं.

१३ डिसेंबर

रविवार. खाडीवर गेलो नाही. गुडघा दुखतो असं हिला सांगितलं. ही म्हणाली, "कुठला?" मी आधी डावा म्हणालो आणि मग जेवताना उजवा चोळत बसलो. हिने तेलाची वाटी आणून डाव्या बाजूला ठेवली.

१६ डिसेंबर

आज जे केलं ते लिहायची लाज वाटते, म्हणूनच लिहितो.

छापखान्यात दरवर्षी खिशातल्या छोट्या डायऱ्या फुकट मिळायच्या. त्या सालची एक सापडली, निम्मी कोरी. ही देवळात का बाजारात, कुठेतरी गेली होती. मी पेन्सिल तासली आणि त्या रविवारच्या पानावर टिपण लिहिलं. पेन्सिलीचं एक बरं असतं, तिचं वय कळत नाही. पाय काळे, असं लिहिलं. बाजूने चोच साधी, समोरून चमचा. झाडू मारल्यासारखा चरतो. एक शब्द खोडला, एक ओळ तिरकी नेली, वाऱ्यात लिहिल्यासारखी. कच्चं लिखाण कसं दिसतं ते माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

युक्ती अशी, की मूळ टिपणात काळे होते आणि नोंदवहीत उतरवताना पुस्तकाच्या भरवशावर मी पिवळे केले. चूक छोटी, मानवी, शोभणारी. शिवाय, असं मी स्वतःला सांगितलं, यात पोस्टमनचंही भलं आहे. माझे पाय काळे झाले की त्याचे काळे पाय आपोआप खरे ठरतात. त्याची नोंद दुसरी म्हणून छापली जाईल. कोणाचं नुकसान नाही.

डायरी संध्याकाळी बाईंना देऊन आलो. परत येताना पावलं हलकी पडत होती. तीही लाजच म्हणायची.

२० डिसेंबर

बाई खूश आहेत. घरी आल्या, चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागल्या. "काका, तुमचं टिपण आणि पोस्टमनकाकांचं टिपण अगदी जुळतं. दोन वर्षांच्या अंतराने दोन माणसं तेच लिहितात, याहून मोठा पुरावा काय? त्यांची नोंद आपण मान्य करू या. मी पत्ता काढलाय, उद्याच जाऊन सांगते त्यांना. ऐंशीला आलेत, किती आनंद होईल."

"हो ना," मी म्हणालो.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाई गेल्यावर म्हणाली, "कुठलं टिपण हो?"

"जुनं," मी म्हणालो.

"जपून ठेवलं होतंत?"

"सापडलं."

ही आत गेली. आज जेवण जरा खारट झालं होतं. हिचं असं कधी होत नाही.

२४ डिसेंबर

बाई पोस्टमनला भेटून आल्या. त्याला आता दिसत नाही. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, कडेला थोडा उजेड कळतो इतकंच. सून सांभाळते. बाईंनी त्याला दोन्ही टिपणं वाचून दाखवली आणि तुमची नोंद मान्य झाली असं सांगितलं.

"आनंद झाला त्यांना?" मी विचारलं.

बाई जरा घुटमळल्या. "झाला असेल. फार बोलले नाहीत. तुमचं टिपण मात्र दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, वहीवाल्यांना एक विचारा. त्यांनाही पाय काळेच दिसले होते, तर माझे काळे पाय त्यांना का चालले नाहीत?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनीच नजर काढून घेतली.

मी करायला काय गेलो आणि झालं काय. आधी मी एक बढाईखोर माणूस होतो, ज्याने पुस्तकावर विसंबून दुसऱ्याला चूक ठरवलं. आता माझ्याच अक्षरात पुरावा आहे, की पाय काळे असतात हे मला ठाऊक होतं आणि तरीही मी त्याला भर सभेत खोटा पाडला. एवढा दुष्टपणा मी खरंच केलेला नव्हता. पण ज्याने केला असता, त्याच्या टिपणात आणि माझ्या टिपणात आता काय फरक आहे?

२६ डिसेंबर

काही नाही.

२७ डिसेंबर

उत्तरं तयार करतोय. घाईत विसरलो. तेव्हा नियमच तसा होता. सभेचा दबाव होता. एकेक कागदावर लिहून बघतो आणि एखाद्या लेखकाने लिहून आणलं असतं तर मी समासात काय खूण केली असती याचा विचार करतो. सगळ्यांवर एकच खूण येते, वगळा.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हेही खरं. बाई संशय घेतील पण विचारणार नाहीत. पोस्टमन कुठे जाणार आहे बोलायला? मार्चमध्ये पुस्तक निघेल, भाषणं होतील, संपेल. मी गप्प राहिलो तर काहीही होणार नाही.

हे काहीही होणार नाही, त्याचीच भीती वाटते.

२९ डिसेंबर

हिला सांगितलं. दुपारी ही कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हणालो, "तुला एक सांगायचंय. तो पक्षी..."

"पाहिला नव्हतात," ही म्हणाली. घडी घालणं थांबवलं नाही.

मी विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

"त्याच दिवसापासून. खाडीवरून आलात की घरभर चिखल व्हायचा आणि तो मीच पुसायचे. त्या दिवशी बूट कोरडे होते. चिखलात न उतरता चिखलातला पक्षी कुठून दिसला?"

"मग बोलली का नाहीस?"

"भांडायला अंगात त्राण होतं का माझ्या? आणि तुम्ही पायरीवर काच फोडलेल्या पोरासारखे बसला होतात. वाटलं, आज राहू दे, उद्या सांगतील."

"पण शेजारणीला तूच सांगितलंस."

"ती विचारत होती, पोरगी फेफऱ्यासारखी थरथरत होती तेव्हा बाप कुठे होता. काय सांगणार होते मी? म्हटलं, मोठा पक्षी आला होता, कधी न येणारा." हिने उशीचा अभ्रा झटकला. "तुमची लाज राखली. नवराच आहात ना."

इतकी वर्षं मी हिला भोळी म्हणत आलो. या वहीत सुद्धा म्हटलंय.

मग पोस्टमनचं सांगितलं. ते हिला माहीत नव्हतं. लाल शाईचा शेरा सांगितला तेव्हा घडी घालणारे हात थांबले. टिपणाचं सांगितलं तेव्हा ही उठून खिडकीशी गेली.

"मी गप्प बसले ते घरातलं घरात राहील म्हणून," तिथूनच म्हणाली. "दुसऱ्याच्या घरावर गेलं हे मला कळलं असतं, तर मी तेव्हाच बोलले असते. जा त्यांच्याकडे."

"जातो."

"जातो नाही. जा."

१ जानेवारी

शाळा सुटायच्या वेळी बाईंना भेटलो. प्रयोगशाळेत गॅसच्या शेगड्या पुसत होत्या. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, डायरीतल्या पानासकट. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"मला वाटलंच होतं, असं नाही म्हणणार," त्या म्हणाल्या. "पण झाडू दोघांच्याही टिपणात होता, पोस्टमनकाकांनी तो प्रश्न विचारला तेव्हापासून झोप नव्हती."

"मुखपृष्ठ?"

"छापायला गेलेलं नाही अजून. तुमची नोंद काढते. तुम्ही लेखी द्या." फडकं उचलत म्हणाल्या, "मुद्रितं मात्र दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावी लागतील, काका."

बरोबर आहे. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. तरी जिना उतरताना तेच जास्त लागलं, नोंद काढली त्यापेक्षा. माणूस कशाला रडेल सांगता येत नाही.

"पोस्टमनकाकांना मी सांगू की तुम्ही?" त्यांनी वरून विचारलं. मी म्हणालो, मी.

२ जानेवारी

दुसरा मजला, अरुंद जिना. सुनेने दार उघडलं. आतली खोली लहान पण टापटीप, लोखंडी खाट, रेडिओ, एकच खिडकी. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. वाळलाय फार.

"कोण?"

"वहीवाले," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"या. खुर्ची उजव्या हाताला आहे. तिच्यावर कपडे असतील तर खाटेवर टाका."

कपडे होते. ते खाटेवर टाकले आणि बसलो. सून चहा टाकायला आत गेली. त्याने प्रकृतीची चौकशी केली, हिची केली, लेकीची केली. त्याला लेकीचा तो ताप आठवत होता. "औषधाची चिठ्ठी घेऊन मीच धावलो होतो," म्हणाला. "रविवारची सुट्टी होती, दवाखान्यावरून चाललो होतो, तुमच्या घरच्यांनी हाक मारली." हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

मग म्हणाला, "बाईंनी तुमचं टिपण वाचून दाखवलं. झाडू मारल्यासारखा चरतो, असं तुम्हीही लिहिलंय."

"हो."

"मला वाटायचं ते मलाच सुचलं. आमच्या टपाल कचेरीत सकाळी एक म्हातारी झाडायला यायची. ती अशीच मान खाली घालून दोन्हीकडे फटके मारत पुढे जायची. पक्षी बघितला आणि मला तीच आठवली." त्याने चेहरा माझ्या आवाजाकडे वळवला. "तुम्हाला कशावरून सुचलं?"

तयार करून नेलेलं सगळं डोक्यातून गेलं.

"तुमच्यावरून," मी म्हणालो.

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मी सगळं सांगितलं. भरती, पायरी, पुस्तकातले पिवळे पाय, सभा, परवाची पेन्सिल. सलग सांगितलं, कुठे थांबलो असतो तर पुढे जाता आलं नसतं. तो खिडकीतल्या उजेडाकडे तोंड करून ऐकत होता. मी म्हणालो, मला क्षमा मागायलाही तोंड नाही.

"म्हणजे तुम्ही पाहिलाच नाही तो?"

"नाही."

"नंतरही?"

"कधीच नाही."

"अरेरे," तो म्हणाला.

मी शिव्यांची वाट बघत होतो. तो अरेरे अशा सुरात म्हणाला, जणू कोणाचं तरी काहीतरी राहून गेलंय. मला वर बघवेना.

"मग ऐका," म्हणाला आणि त्याने मला तो पक्षी सांगितला. पाणी उतरून तास झाला होता, सायकल बांधाला टेकवली होती, पुढचं टपाल खोळंबलं होतं. दहाबारा बारक्या पक्ष्यांत एक वेगळा चरत होता. चादरीवर हात ठेवून त्याने दोन बोटांनी त्याची चाल काढून दाखवली, मनगट दोन्हीकडे वळवत. पक्ष्याने तोंड वर केलं आणि चमचा दिसला, तेव्हा सायकल पडली होती आणि तरी तो उडाला नव्हता. पाय काळे, ओल्या काडीसारखे. हे सगळं पाकिटाच्या पाठीवर मावलं नव्हतं. मावलं असतं तरी मी वाचलं नसतं.

"सुनेला मी ही गोष्ट माझी फजिती म्हणून सांगतो," तो म्हणाला. "हसतो आम्ही. त्या सभेनंतर मला सवय लागली, पाकिटावरचा पत्ता दोनदा वाचायचो. मग तीनदा. साहेब ओरडायचे, टपाल उशिरा का येतं म्हणून. पण खात्री वाटायची नाही, काय करणार?"

चहा आला. सुनेने माझ्यापुढे कप ठेवला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मी विचारलं, तुमची नोंद नव्याने लिहून घेऊ का? पहिली नोंद म्हणून. "घ्या," तो म्हणाला. नोंदीचे रकाने मला पाठ आहेत, मीच आखलेले. तारीख, वेळ, पाणी, ऊन, अंतर. अंतर चाळीस पावलं, म्हणाला, पोस्टमनची पावलं, तुमची नव्हेत. किती वेळ पाहिला? सात मिनिटं. तो सांगेल तसं लिहिलं. कुठे क्रियापद मागेपुढे झालं होतं, तेही तसंच ठेवलं.

शेवटचा रकाना खात्रीचा. पूर्ण, बरीच किंवा कमी, यांतलं एक लिहायचं असतं. माझ्या नोंदीपुढे मी तेव्हा पूर्ण लिहिलं होतं.

"खात्री?" मी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पूर्ण लिहायला लागलो.

"थांबा," तो म्हणाला. खाटेवरची बोटं हलत होती. "बरीच लिहा."

"तुम्ही सात मिनिटं पाहिलात. चाळीस पावलांवरून."

"तेव्हा पूर्ण होती हो. आता नाही म्हणवत."

"पण आता तर सिद्ध झालंय. पाय काळेच असतात."

"ते पक्ष्याचं सिद्ध झालं," तो म्हणाला. "बरीच लिहा, वहीवाले."

मी पूर्ण खोडलं आणि बरीच लिहिलं.